किनाऱ्यावरील एआयएस केंद्राची सोलापुरात पूर्वतपासणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापुरात राहतो आणि कोकण किनाऱ्यावरील हर्णै येथील मावशीच्या घराशेजारी, जहाजांचे एआयएस संदेश (जहाजे आपली ओळख, स्थान आणि वेग आपोआप प्रसारित करतात ते रेडिओ संदेश) केवळ ग्रहण करणारे केंद्र उभारणार आहे. हे संदेश १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या वारंवारितांवर, जवळजवळ दृष्टिरेषेतच पोहोचत असल्याने सोलापुरात एकही जहाज ऐकू येत नाही, त्यामुळे सगळी जुळणी प्रत्यक्ष संदेशावर न तपासताच न्यावी लागेल, ही माझी मुख्य चिंता आहे.

आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक), रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि एआयएस संदेश उलगडणारी एआयएस-कॅचर ही आज्ञावली तयार आहे. नोंदवलेले संकेत फाइलमधून चालवून आज्ञावलीची खात्री होते, डोंगलची वारंवारिता मोबाइल टॉवरच्या संकेताशी जुळवता येते आणि अँटेनाचे एसडब्ल्यूआर (अँटेना त्या वारंवारितेला किती जुळते याचे माप) नॅनोव्हीएनए या छोट्या मापन उपकरणावर पाहता येते. एवढी तपासणी पुरेशी आहे का, की येथेच करता येण्यासारखी आणखी एखादी चाचणी आहे?

दुसरा प्रश्न केबलचा. आरजी-५८ या पातळ अँटेना-केबलच्या २० मीटर लांबीत निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते, म्हणून डोंगल आणि रास्पबेरी पाय जलरोधक पेटीत खांबावरच ठेवावेत असे मला वाटते. मात्र कोकणातला पाऊस, खारी हवा आणि उन्हात तापणारी बंद पेटी यांचा विचार केला की जाड, कमी क्षयाची केबल घेऊन उपकरणे घरात ठेवणे अधिक सुरक्षित वाटते. किनाऱ्यावर असे केंद्र पावसाळाभर चालवलेल्यांनी कोणता मार्ग निवडला, आणि खांबाला विजेपासून संरक्षण देण्यासाठी अर्थिंग कसे केले, हे कृपया सविस्तर सांगावे.