हेलिकोनियस एराटो: इतकी वेगळी दिसणारी फुलपाखरे एकाच जातीची कशी?

प्रश्न
दक्षिण अमेरिकेतील फुलपाखरांची छायाचित्रे पाहताना 'हेलिकोनियस एराटो' हे एकच नाव मला तीन अगदी निराळ्या फुलपाखरांखाली आढळले. दक्षिण ब्राझीलमधील फुलपाखराच्या काळ्या पुढच्या पंखावर लाल पट्टा व मागच्या पंखावर पिवळी रेघ आहे, ॲमेझॉन खोऱ्यातील एकाच्या मागच्या पंखावर तांबडे किरण पसरले आहेत, तर पश्चिम इक्वेडोरमधील फुलपाखराला निळी झळाळी आहे. या तीन स्वतंत्र प्रजाती मानायला काय हरकत आहे?

उत्तर १
हरकत एवढीच, की अशी रूपे जिथे एकमेकांना भिडतात तिथे त्यांचा सहसा मुक्त संकर होतो आणि मधल्या नक्षीची फुलपाखरे उडताना दिसतात. लिनियसने १७५८ मध्ये वर्णिलेल्या या जातीच्या मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत वीसहून अधिक उपजाती मानतात; आपण पाहिलेली पहिली 'फायलिस' आणि तिसरी 'सिर्बिया' असावी. (मराठी परिभाषेत 'प्रजाती' म्हणजे जातीच्या वरची पायरी, येथे 'जाती' म्हणणे बरे.)

प्रश्नकर्ता
दुरुस्तीबद्दल आभार. पण संकर होत असेल, तर एव्हाना सगळी नक्षी एकमेकींत मिसळून का गेली नाही?

उत्तर २
कारण ही नक्षी भक्षकांना दिलेला इशारा आहे. कृष्णकमळाच्या कुळातील वेलींवर वाढणाऱ्या या फुलपाखरांच्या अंगात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, आणि कोणते फुलपाखरू खाऊ नये हे पक्षी आपापल्या भागातील नक्षीवरून शिकतात. साहजिकच, परकी नक्षी घेऊन आलेल्या फुलपाखराला त्या शिकवणीचा लाभ मिळत नाही. मॅलेट आणि बार्टन यांनी उत्तर पेरूमधील संकरपट्ट्यात (दोन रूपे भेटून जिथे संकर होतो त्या भागात) एका बाजूची फुलपाखरे दुसऱ्या बाजूला नेऊन सोडली, तेव्हा स्थानिक नक्षीच्या फुलपाखरांच्या तुलनेत ती फार कमी टिकली (१९८९). हा संकरपट्टा अरुंदच का राहतो, याचे याहून पटणारे उत्तर मला ठाऊक नाही.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे 'हेलिकोनियस मेलपोमेने' ही वेगळी जाती, जिचा एराटोशी संकर होत नाही, ती बहुतेक ठिकाणी एराटोच्याच स्थानिक नक्षीत वावरते. दोन्ही बेचव असल्याने पक्ष्यांना शिकवण्याचा खर्च त्या वाटून घेतात, असे स्पष्टीकरण ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दिले होते. दोन्ही जातींत पंखावरचा लाल रंग कुठे उमटावा हे ठरवण्यात 'ऑप्टिक्स' या एकाच जनुकाचा मोठा वाटा असतो, असे २०११ मध्ये दिसून आले.

उत्तर १
म्हणूनच केवळ पंख पाहून ओळख सांगताना मी कचरतो. वर्तनाने मात्र भेद कळतो: एराटोचे नर मादीच्या कोशावर बसून तिच्या बाहेर येण्याची वाट पाहतात, मेलपोमेनेचे नर तसे करत नाहीत. आपल्या छायाचित्रांवर ठिकाणाची नोंद नेमकी असेल, तर उपजाती ठरवणे बरेच सोपे जाईल.