पीजे बेस: ब्रिजच्या जे पिकअपची भुणभुण जात नाही, बदली कोणता घालावा?

चौथी_तार
चार तारांची पॅसिव्ह (बॅटरीविना) पीजे बेस गिटार आहे: मध्ये पी (प्रिसिजन) पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा, आणि ब्रिजजवळ जे (जॅझ) पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. नुसता पी लावला की आवाज स्वच्छ. जे थोडा जरी उघडला की भुणभुण सुरू, आणि एकटा जे तर अगदीच किरकोळ वाजतो. पी तसाच ठेवून फक्त जे बदलायचाय. भारीतला सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) घेऊ की हम-कॅन्सलिंग (भुणभुण मारणारा)? की आतून तांब्याची पट्टी लावून भागेल?

खर्ज
आधी भुणभुण कसली ते बघा. अँपसमोर बेस धरून जागच्या जागी गोल फिरा. दिशेप्रमाणे आवाज कमीजास्त झाला तर तो मेन्सचा ५० हर्ट्झचा हम, कॉइलच पकडतेय. तारांना हात लावल्यावर चिरचिर कमी होत असेल तर शील्डिंग (आतलं धातूचं अस्तर) अपुरं आहे. पट्टी या दुसऱ्या दुखण्यावर चालते, पहिल्यावर नाही.

१९५७ पासूनच्या पीमध्ये दोन अर्धी कॉइल्स उलटसुलट जोडलेली आणि चुंबकंही उलटी, म्हणून तो गप्प. जॅझ बेसवर दोन्ही जे सारखे उघडले की एकमेकांचा हम मारतात. तुमच्या जेला जोडीदारच नाही, त्यामुळे सिंगल कॉइल कितीही महागाचा घ्या, हम राहणारच. डिमार्झियो कंपनीच्या मॉडेल जेसारखा, आत दोन कॉइल्स असलेला घ्या. सिंगल कॉइलचा करकरीतपणा थोडा जातो, पण पीसोबत वाजवायला हरकत नाही.

मागवण्याआधी जुना पिकअप काढून लांबी मोजा. जे दोन मापांत येतो. ब्रिजचा नेकवाल्यापेक्षा साधारण ३ मिमी लांब. स्वस्त बेसवर ब्रिजलाही आखूडच बसवलेला असू शकतो. मग खाच कोरत बसावं लागतं.

चौथी_तार
फिरून बघितलं, आवाज बदलतोय. म्हणजे मॉडेल जेच. त्याला चार वायरी दिसतात, कुठली कुठे? पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) बदलायचे का? आणि ईएमजी कंपनीचा, बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह जे टाकला तर?

डाग_आणि_कथील
पॅसिव्ह पीबरोबर ईएमजी नको. त्याला २५ के (किलोओहम) पॉट लागतात, तुमचे बहुतेक २५० के असतील. मिसळ नीट होत नाही, वर ९ व्होल्टची बॅटरी. २५० के आहेत ते राहू द्या.

डिमार्झियोत लाल हॉट (सिग्नलची वायर), व्हॉल्यूम पॉटच्या त्याच पायावर जिथे जुन्याची हॉट होती. हिरवी आणि उघडी तार पॉटच्या पाठीवर (ग्राउंड). काळी-पांढरी एकमेकींना डाग देऊन (सोल्डर करून) टेप गुंडाळा. नेटवरची सेमूर डंकन कंपनीची आकृती इथे वापरू नका, तिथे काळी हॉट असते.

पॉटची पाठ उष्णता खाते. २५ वॅटचं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलात तर डाग थंड बसतो, वरून गोळा दिसतो आणि दोन दिवसांत सुटतो. ४० ते ६० वॅट, रुंद टोक, पाठ आधी पॉलिश पेपरने घासून कथील चढवा, मग वायर. तीन-चार सेकंदांत उरका.

बंद करण्याआधी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून ई तार वाजवा. खर्ज गायब, आवाज पोकळ झाला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज मारताहेत. लाल आणि हिरवीची अदलाबदल करा. उघडी तार मात्र ग्राउंडवरच.

खर्ज
किरकोळपणाचं राहिलं. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून जे पीपेक्षा वर लागतो. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली साधारण ३ मिमी, जी खाली २.५. तरी पीच दाबत असेल तर पी खाली करा, जे आणखी वर नको. तार चुंबकांवर आपटायला लागेल.