मदत हवी आहे: पॅकेजमधलं नवं टेसरॅक्ट टाकलं, तरी जुनंच चालतंय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन युनिकोडमध्ये आणायचं काम मी टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवर करतो. माझ्या लिनक्समध्ये, म्हणजे डेबियन ११ मध्ये ४.१.१ होतं, मला ५ हवं होतं. म्हणून ५.२.० चा सोर्स उतरवून घरीच कंपाइल केला (म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवला) आणि तो सिस्टममध्ये टाकायची सुडो मेक इन्स्टॉल ही कमांड मारून मोकळा झालो. मराठीचा डेटा मात्र पॅकेजमधलाच वापरला.

आता डेबियन १२ वर आलोय. त्यात ५.३.० आहे, म्हटलं बरं झालं, घरचा कारखाना बंद. ॲप्टने (डेबियनची पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने) इन्स्टॉल केलं, पण व्हर्जन विचारलं की ५.२.० च सांगतं. /यूएसआर/बिन मधलं पूर्ण पाथ देऊन चालवलं तरी तेच! वर मराठीचा डेटा सापडत नाही म्हणून एरर येते, आणि त्यात पाथ दिसतो तो ४.०० नावाच्या फोल्डरचा. ॲप्टने काढून पुन्हा टाकून पाहिलं, ढिम्म हलत नाही. सोर्सचं फोल्डर मी केव्हाच उडवलंय. आता सगळं फॉरमॅट करू का?

प्रतिसाद १
फॉरमॅट कशाला, ढेकणासाठी घर जाळताय होय! मेक इन्स्टॉलने टाकलेल्या फायली /यूएसआर/लोकल मध्ये असतात. त्यांची नोंद ॲप्टकडे नसते, म्हणून तो त्यांना हातही लावत नाही. नुसतं टेसरॅक्ट लिहिलंत की शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम, आधी लोकल मध्ये बघतो.

पूर्ण पाथ देऊनही ५.२.० येतं, कारण खरं काम लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडली जाणारी वेगळी फाइल, करते. ती शोधून जोडणाऱ्या लोडरलाही /यूएसआर/लोकल/लिब आधी दिसतं, त्यामुळे पॅकेजचा प्रोग्रॅम तुमची जुनी लायब्ररी उचलतो. एलडीडी (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररी उचलतो ते दाखवणारी कमांड) चालवून बघा, पाथ दिसेल.

डेटाचं दुखणं वेगळं. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टेसडेटा प्रीफिक्सची, म्हणजे डेटाचं फोल्डर कुठलं ते सांगणारी, ओळ लिहिली होतीत का? असली तर काढा. डेबियन १२ मध्ये तो डेटा ४.०० मधून ५ नावाच्या फोल्डरमध्ये गेलाय.

प्रतिसाद २
सोर्स उडवला तरी बिघडत नाही. तोच ५.२.० परत उतरवा, त्यातल्या ऑटोजेन आणि कॉन्फिगर या तयारीच्या स्क्रिप्ट चालवा (प्रीफिक्स, म्हणजे फायली जिथे टाकायच्या ते फोल्डर, पूर्वीचाच), मेक न करता थेट सुडो मेक अनइन्स्टॉल. मग लोडरची लायब्ररींची यादी ताजी करायला सुडो एलडीकॉन्फिग, आणि नवं टर्मिनल उघडा, कारण बॅश (तुमचा शेल) जुना पाथ लक्षात ठेवतो. लोकल मध्ये हाताने आरएम (फायली उडवायची कमांड) मारत बसू नका, तिथे तुमचं दुसरं काही असेल.

आणि कंपाइल करणं पाप नाही हो. मीही करतो, पण प्रीफिक्स घरच्या फोल्डरचा देतो. नको झालं की फोल्डर उडवायचं. त्याआधी बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नवी व्हर्जन ठेवतात तिथे, डोकवायचं. तिथे नसेल आणि सगळ्या मशीनवर हवं असेल तर डेबियनचंच सोर्स पॅकेज घेऊन, ॲप्टच्या बिल्ड-डेप कमांडने लागणारी पॅकेजं आणून डेब (डेबियनच्या पॅकेजची फाइल) बांधायचं. पहिल्यांदा वैताग येतो, पण ते नंतर ॲप्टने काढता येतं.

धागाकर्ता
झालं! बॅशआरसीतली ती ओळ मीच लिहिली होती आणि साफ विसरलो होतो, ती काढली. एलडीडीतही लोकल चाच पाथ निघाला. अनइन्स्टॉल केल्यावर आता ५.३.० दिसतंय आणि मराठीही चालतंय. दोघांचे आभार. ‘ऱ्हा’चं ‘न्हा’ मात्र अजून होतंय, त्यासाठी वेगळा धागा काढतो.