दूषित रक्त: आज रात्रीच खासदारांना लिहा

सुनंदा, सोमवार, १० जुलै २०१७

नमस्कार मंडळी,

दूषित रक्ताच्या प्रकरणावर उद्या इथे ब्रिटिश संसदेत तातडीची चर्चा आहे. खासदार डायना जॉन्सन यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरलाय. आता सहा पक्षांच्या नेत्यांनीही पंतप्रधानांकडे चौकशीची मागणी केली आहे. जूनच्या निवडणुकीनंतर सरकारकडे स्वतःचं बहुमत उरलेलं नाही. दबाव आणायचा तर आत्ताच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मी वॉर्डात नर्स होते. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार असलेल्या, मुलाला रक्तस्राव सुरू झाला की इस्पितळात आणायचं, प्लाझ्मापासून (रक्तातल्या द्रव भागापासून) केलेल्या औषधाच्या गोठवलेल्या पिशव्या वितळवायच्या आणि ते चढवत बसायचं. मग फॅक्टर एट या रक्त गोठवणाऱ्या औषधाची बाटली आली. तळाशी पांढरी भुकटी. पाणी घालून हलक्या हाताने फिरवायची, सिरिंजमध्ये ओढायची आणि घरच्या घरी टोचायची. मुलांची शाळा बुडेनाशी झाली, आयांना हायसं वाटलं. पण ती भुकटी हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायची. त्यातला बराचसा अमेरिकेतून यायचा, तिथे पैसे घेऊन प्लाझ्मा देणाऱ्यांत तुरुंगातले कैदीही असत. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसा एकाच्या रक्तातला विषाणू सगळ्या साठ्याला पुरला.

साडेचार हजारांहून जास्त हिमोफिलियाग्रस्तांना हिपॅटायटिस सी हा लिव्हर बिघडवणारा संसर्ग झाला, त्यातल्या १,२०० हून अधिक जणांना एचआयव्हीही. किमान २,४०० माणसं गेली.

याआधी दोन चौकश्या झाल्या. लॉर्ड आर्चर यांच्या समितीला कुणालाही साक्षीला बोलावण्याचा अधिकारच नव्हता, आरोग्य खात्याने साक्षीदार पाठवले नाहीत. पेनरोज चौकशी स्कॉटलंडपुरती, सीमेपलीकडच्यांवर तिची सक्ती चालेना. २०१५ मध्ये तो अहवाल आला त्या दिवशी पीडितांनी त्याची प्रत बाहेर जाळली. म्हणून पत्रात नुसतं ‘चौकशी करा’ लिहू नका. २००५ च्या चौकशी कायद्याखाली, शपथेवर साक्ष घेणारी आणि कागदपत्रं हजर करायला लावणारी चौकशी हवी, असं स्पष्ट लिहा.

अनंत, सोमवार, १० जुलै २०१७

सुनंदाताई,

तुमची कळकळ समजते. पण आपलं मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे, सरकारच्या बहुमताचे हिशेब मंडळाच्या या ई-मेल यादीवर नकोत. शिवाय हिमोफिलिया फार थोड्यांना असतो, आपल्या सभासदांत कुणाला असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्यांना लिहायचं त्यांनी जरूर लिहावं, मंडळाचं नाव मात्र घालू नये.

सुनंदा, सोमवार, १० जुलै २०१७

अनंतराव, मंडळाचं नाव नकोच. पत्र ज्याचं त्याने आपल्या नावाने आणि पत्त्यानिशी पाठवायचं, खासदार मतदारालाच उत्तर देतात.

पण हे फक्त हिमोफिलियाचं नाही. या देशात दान केलेलं रक्त हिपॅटायटिस सी साठी तपासायला सप्टेंबर १९९१ मध्ये सुरुवात झाली. त्याआधी बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये, अपघातानंतर ज्यांना रक्त चढवलं ते सगळे यात येतात. सत्तरच्या दशकात इथे आलेल्या आपल्या किती बायकांची बाळंतपणं इथेच झाली! हा आजार वीस-तीस वर्षं काही कळू देत नाही. आपल्या आईला एकदा विचारा, ‘तुला रक्त चढवलं होतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर जीपीकडून (नेहमीच्या डॉक्टरांकडून) तपासणी करून घ्या. आता या आजारावर गोळ्या आहेत, साधारण तीन महिन्यांत बहुतेकजण बरे होतात.

अश्विनी, मंगळवार, ११ जुलै २०१७

मी या यादीवर कधी लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला रक्त चढवलं होतं. पुढे तिचं लिव्हर बिघडलं तेव्हा प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा एकच विचारायचा, ‘दारू किती घेता?’ आई संकष्टी-एकादशी करणारी बाई. ‘थेंबही नाही’ म्हणायची, आणि समोरचा मान हलवून काहीतरी लिहून घ्यायचा. मी दुभाषी म्हणून शेजारी बसलेली असायचे, मराठीत तिला तोच प्रश्न परत विचारायला माझी जीभ उचलत नसे. हिपॅटायटिस सी आहे हे कळलं तेव्हाही ती म्हणाली, बाहेर बोलू नकोस, लोक नाही नाही ते बोलतील. म्हणून आजवर गप्प होते.

अनंतकाका, आपल्या सभासदांत आहेत. बोलत नाहीत इतकंच.

काल रात्री खासदारांना पत्र पाठवलं. चढवलेल्या रक्ताचे कागद मागितले तर ‘नष्ट झाले’ असं उत्तर आलं होतं, तेही लिहिलं.

अनंत, मंगळवार, ११ जुलै २०१७

अश्विनी, मला माहीत नव्हतं गं. माझं पत्र आत्ताच पाठवलं. पंतप्रधानांनी चौकशी जाहीर केल्याची बातमी आली आहे.

सुनंदा, शुक्रवार, २८ जुलै २०१७

मंडळी,

चौकशी जाहीर झाली, पण काम संपलेलं नाही. तिचं स्वरूप आणि कार्यकक्षा ठरवण्याची बोलणी आरोग्य खातं करतंय. ज्याच्यावर ठपका यायचा त्यानेच पंच नेमायचे! खात्याने बोलावलेल्या बैठकीला जायला पीडितांच्या संघटनांनी नकार दिला, आणि तो योग्यच आहे.

तेव्हा दुसरं पत्र. यात दोनच गोष्टी मागा: हे काम आरोग्य खात्याकडून काढून दुसऱ्या खात्याकडे द्या, आणि अध्यक्षांना साक्षीदार व कागदपत्रं हजर करायला लावण्याचे पूर्ण अधिकार द्या. घरात कुणाला रक्त चढवलं असेल तर साल आणि कारण दोन ओळींत लिहा. अश्विनीने मराठीतून लिहिणाऱ्यांची पत्रं इंग्रजीत करून द्यायची तयारी दाखवली आहे, तिला वैयक्तिक मेल करा, यादीवर नको.