नवीन सॅनची (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कची) टेस्टिंग नक्की कशी करायची? पीओसीला, म्हणजे घेण्याआधीच्या चाचणीला, तीनच आठवडे आहेत

महापे_रॅक६

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच विचारतोय. महापेला एका डेटा सेंटरमधे आमच्या कंपनीचे सहा रॅक आहेत, जुना स्टोरेज बॉक्स सपोर्टच्या बाहेर चाललाय म्हणून ऑल फ्लॅश ॲरे (नुसत्या फ्लॅशवर चालणारा स्टोरेज बॉक्स) आणि दोन ३२जीचे फायबर चॅनेल स्विच (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे) घ्यायचं ठरतंय. व्हेंडरने बॉक्स आणून लावलाय, तीन आठवड्यांनी परत नेणार. वर चालणार काय तर ओरॅकल डेटाबेसवरचं ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), साठेक व्हीएम आणि रात्रीचा बॅकअप. साहेब म्हणतात डीडी (लिनक्सची डेटा कॉपी करायची कमांड) मारून बघ, स्पीड आला की सही करून टाकू. मी काल मारला, डेव्ह झीरोमधून, म्हणजे नुसती शून्यं, लिहिलं, सेकंदाला ३ जीबीच्या आसपास आलं. साहेब खूश आहेत पण माझं मन मानत नाहीये, कारण हा बॉक्स पुढची कित्येक वर्षं मलाच सांभाळायचाय. तीन आठवड्यांत नक्की काय काय बघून घेऊ?

जुना_स्टोरेजवाला

मित्रा, तो डीडीचा आकडा आधी बाजूला ठेव. तू शून्यं लिहितोयस, आणि आजचे फ्लॅश ॲरे शून्यं ओळखतात, ती फ्लॅशवर जातच नाहीत. ३२जीचा एक पोर्ट एका दिशेला सेकंदाला साधारण ३२०० एमबी नेतो, म्हणजे तू मोजलास तो पोर्ट, ॲरे नाही. आणि डायरेक्टचा फ्लॅग (सर्व्हरची कॅश टाळणारा) दिला नसशील तर तेही नाही, सर्व्हरची रॅम मोजलीस.

एफआयओ घे नाहीतर व्हीडीबेंच, दोन्ही स्टोरेजवर लोड टाकून मोजायची टूल्स, दोन्ही फुकट आहेत. दोन्हींमधे डेटा किती कॉम्प्रेस होईल, किती डीडुप होईल (सारखा डेटा एकदाच साठवला जाईल) ते सांगता येतं, तिथे तुमच्या खऱ्या डेटाच्या जवळपासचे आकडे टाक, व्हेंडरच्या ब्रोशरमधले नको.

मग बॉक्स भर. रिकामा फ्लॅश कुठलाही पळतो. ७०-८० टक्के भरून त्यावर रँडम राईट चालू ठेव, काही तासांनी आतलं गार्बेज कलेक्शन (जुनी जागा मोकळी करायचं काम) जागं होतं आणि लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) वर चढायला लागते, ती चढून जिथे स्थिर होईल तिथून पुढे मोजायला घे. आणि टेस्टचा डेटा कॅशपेक्षा बराच मोठा असू दे, नाहीतर सगळं कॅशमधूनच येईल.

लोड कसा द्यायचा हे मला विचारू नको, तुझ्या जुन्या बॉक्सला विचार. महिनाअखेरच्या दोन दिवसांचे आयओस्टॅट (डिस्कवरच्या लोडचे आकडे) आणि ओरॅकलचे एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसच्या कामगिरीचे) काढ. बहुतेक ८ केबीचे रँडम रीड दिसतील, रीडू लॉगचे (ओरॅकल प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवतं त्या फाईलचे) छोटे छोटे राईट, आणि रात्री बॅकअपचे मोठे ब्लॉक. हे तिन्ही एकाच वेळी मार, कारण महिनाअखेरीला बॅकअप काही ईआरपीचं काम संपायची वाट बघत थांबत नाही.

आयओपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती रीड-राईट (आयओ) होतात त्याच्या, मोठ्या आकड्याला भुलू नको, ते साधं गणित आहे. एका वेळी ३२ आयओ रांगेत आणि प्रत्येकाला अर्धा मिलिसेकंद, झाले ६४ हजार. रांग वाढवत गेलं की आकडाही थोडा फुगतो पण प्रत्येक आयओ जास्त वेळ ताटकळतो. सरासरी लेटन्सीवरही जाऊ नको, ९९ पर्सेंटाईल बघ (शंभरातले ९९ आयओ ज्याच्या आत होतात तो वेळ), युजरचा फोन येतो तो त्या उरलेल्या एका टक्क्यामुळे.

फॅब्रिक_बी

वर दादांनी सांगितलंय ते सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते त्यात एक आठवडा घालव आणि उरलेले दोन आठवडे बॉक्स आणि फॅब्रिक (स्विच आणि केबलचं जाळं) मोडण्यात घालव. ॲरे हळू आहे म्हणून रात्री उठवलंय असं माझ्या बाबतीत क्वचित झालंय, काहीतरी अर्धवट मोडलंय म्हणून मात्र खूपदा.

एक अनुभव सांगते. आधीच्या कंपनीत आम्ही पीओसीला केबल उपटल्या, कंट्रोलर काढला, स्विच बंद केला, सगळं पास. आठ महिन्यांनी एका सकाळी ईआरपी अडकायला लागलं, मधेच चालायचं मधेच तीस तीस सेकंद गप्प. चार तास सगळे कॉलवर, डेटाबेसवाले म्हणतायत स्टोरेज, स्टोरेजवाले म्हणतायत ॲरे हिरवा आहे. शेवटी स्विचवर पोर्टचे काउंटर बघितले तर एका पोर्टवर सीआरसी एरर (खराब झालेल्या फ्रेम म्हणजे डेटाच्या तुकड्यांची मोजणी) धडाधड वाढत होते, एक एसएफपी (पोर्टमधला प्रकाश पाठवणारा-घेणारा मॉड्यूल) मरायला टेकलेला. लिंक पडलेली नव्हती म्हणून मल्टिपाथ (सर्व्हरवरचं, स्टोरेजकडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्या पाथला चांगला समजून आयओ पाठवतच राहिला, जी फ्रेम खराब झाली तिची कमांड लिनक्सचा ३० सेकंदांचा टाइमआउट होईपर्यंत लटकायची. तो पोर्ट बंद केला, दोन मिनिटांत सगळं सुरळीत. पूर्ण मेलेला पाथ आम्ही तपासला होता, अर्धमेला नाही, आणि ते मला अजून लागतं कारण टेस्ट प्लॅन मीच लिहिलेला.

म्हणून तू हे कर. एका पाथवर ऑप्टिकल ॲटेन्युएटर लाव, नसेल तर जुनी पॅच कॉर्ड घट्ट गुंडाळून प्रकाश कमी कर, चालू लोडवर. एसएफपीची रिसीव्ह पॉवर आणि सीआरसी बघत बस आणि ॲप्लिकेशनला काय होतंय ते लिहून ठेव. मग लिनक्सच्या मल्टिपाथमधे मार्जिनल पाथच्या (अर्धमेला पाथ बाजूला काढायच्या) सेटिंग्ज आहेत त्या लाव, स्विचवर पोर्ट फेन्सिंग (एरर वाढले की पोर्ट आपोआप बंद करणं) लाव, आणि परत तेच कर. फरक डोळ्यांनी दिसेल.

दुसरं, स्लो ड्रेन, म्हणजे एक हळू सर्व्हर सगळ्यांना अडवतो ते. फायबर चॅनेलमधे समोरच्याने बफर क्रेडिट (जागा मोकळी असल्याची खूण) परत दिल्याशिवाय पुढची फ्रेम जात नाही. तुझ्याकडे जुने ८जी एचबीएवाले (सर्व्हरमधलं फायबर चॅनेलचं कार्ड) सर्व्हर असतील तर एकावरून मोठ्या ब्लॉकचे रीड जोरात मार आणि लेटन्सी शेजारच्या सर्व्हरची बघ. त्याचा काही दोष नसताना तो अडकतो, विशेषतः दोन स्विचमधल्या लिंकवरून ट्रॅफिक जात असेल तर.

आणि फर्मवेअर अपग्रेड व्हेंडरला भर लोडवर करायला लाव. कंट्रोलर उपटताना व्हीडीबेंचचं डेटा व्हॅलिडेशन चालू ठेव, म्हणजे लिहिलं तेच परत वाचलं जातंय का ते कळेल, नुसतं चालू राहिलं एवढं पुरत नाही.

पुणे_डीआर

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या ओएम३ (फायबरचा एक प्रकार) केबल तशाच वापरणार असाल तर लांबी मोजा. ८जीला ओएम३ १५० मीटर चालते, ३२जीला फक्त ७०. काल चालत होती ती केबल उद्या ताईंच्या गोष्टीतल्यासारखी अर्धमेली होईल.

दुसरं, पुण्याला डीआर (आपत्तीसाठीचं दुसरं सेंटर) असेल आणि सिंक्रोनस रेप्लिकेशन (प्रत्येक राईट दोन्हीकडे झाल्यावरच पूर्ण धरणं) करायचं मनात असेल तर आधी अंतराचं गणित करा. फायबरमधे प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. फायबरचा रूट १५० किमी धरला तर जाऊन येऊन दीड मिलिसेकंद, आणि साध्या फायबर चॅनेल राईटला अशा दोन फेऱ्या लागतात, म्हणजे ३. ॲरे अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर देत असला तरी तुमच्या रीडू लॉगला हे तीन सोसावेच लागणार. पीओसीतच डिले सिम्युलेटर (लांबच्या अंतराचा उशीर मुद्दाम घालणारा) मागवून घ्या, व्हेंडरकडे असतो बऱ्याचदा.

महापे_रॅक६

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे हेच करतोय. बॉक्स ७५ टक्के भरला, खऱ्यासारखा डेटा टाकला, तर डीडीचा आकडा कुठल्या कुठे गेला, पण ८ केबीला ९९ पर्सेंटाईल १.२ मिलिसेकंद आहे, आम्हाला पुरेसं आहे. खरा धक्का वेगळाच बसला. ताईंचं वाचून फॅब्रिक ए चा (दोन स्विचपैकी पहिला, दुसरा बी) स्विच बंद केला तर एक सर्व्हर आडवाच झाला. शोधलं तर त्याच्या दोन्ही एचबीए केबल पॅच पॅनेलमधून ए लाच गेलेल्या. मल्टिपाथमधे चार पाथ दिसत होते म्हणून कोणालाच शंका आली नव्हती, आणि हा सर्व्हर जुन्या सॅनवर पण असाच होता, म्हणजे चार वर्षं.

साहेबांना प्रत्यक्ष दाखवलं, ते आता स्वतःच म्हणतायत की घाई नको. एकच विचारायचंय, या सगळ्याचं ॲक्सेप्टन्समधे काय लिहून घेऊ?

फॅब्रिक_बी

शाब्बास, तो सर्व्हर सापडला तिथेच पीओसी वसूल झाली. पीओमधे (खरेदीच्या ऑर्डरमधे) आयओपीएसचा आकडा एकटा टाकू नको. अमुक टक्के भरलेला, एक कंट्रोलर बाहेर काढलेला, बॅकअप चालू, तेव्हा ९९ पर्सेंटाईल इतक्याच्या आत, असं लिही, आणि ब्लॉक साइज, डेटाचं कॉम्प्रेशन, एफआयओची पूर्ण फाईल सोबत जोड म्हणजे नंतर वाद नको. खरा बॉक्स आला की प्रॉडक्शन चढवायच्या आधी हीच फाईल परत चालव, पीओसीचा बॉक्स आणि डिलिव्हरीचा बॉक्स एकच नसतो. आणि त्या सर्व्हरची एक केबल आजच बी वर हलव, नवीन सॅनची वाट बघू नको.