टाल्कसाठी आधी हवेचा बंदोबस्त

ड्युसेलडॉर्फच्या के या प्लास्टिक प्रदर्शनातले ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर (दोन स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून त्यात भुकटी किंवा ग्लास मिसळणारी मशीन) पाहून तुम्ही लिहिलंत की टॉर्क (स्क्रू फिरवणारा जोर) जास्त तितकं उत्पादन जास्त. ग्लास भरलेल्या नायलॉनला हे बऱ्यापैकी लागू पडतं. कोपेरियन या जर्मन कंपनीच्या झेडएसके एमसी 18 एक्स्ट्रूडरला 18 न्यूटन-मीटर प्रति घन सेंटीमीटर टॉर्क आहे. स्क्रू कमी वेगात फिरवूनही तेवढाच माल निघतो आणि मेल्टचं (वितळलेल्या मालाचं) तापमान आटोक्यात राहतं.

पण तुमचा माल टाल्क (खनिजाची भुकटी) भरलेला पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बारीक टाल्कमध्ये हवा इतकी असते की मोटरवर पुरता लोड यायच्या आतच साइड फीडर (बाजूने भुकटी आत ढकलणारा भाग) तुंबतो. हवा उलटी फिरते, फीडरच्या तोंडाशी पांढरी धूळ उडायला लागते. तिथे कोपेरियनचं एफईटी (फीड एन्हान्समेंट टेक्नॉलॉजी) नीट बघा: फीड झोनच्या भिंतीत सच्छिद्र फिल्टर, त्यातून व्हॅक्यूमने हवा ओढून घेतात. स्क्रू भरला तरच टॉर्क कामाला येणार ना!

त्याआधी कॉम्पॅक्टेड, म्हणजे दाबून हवा कमी केलेला टाल्क लावून पाहा, मशीनला हात लावावा लागत नाही. फक्त डिस्पर्शन, म्हणजे टाल्कचे गोळे फुटून नीट मिसळले का, ते तपासा. पातळ फिल्म दाबून उजेडात धरली की न फुटलेले ठिपके लगेच दिसतात. ट्रायलला मात्र आपल्याच गोणीतला माल न्या.