लालबागला भाड्याचं घर: टॉवर की मागची पुनर्वसन इमारत? (बजेट ४० हजार)

सांजपाखरू: नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली लोअर परळला झालीय. एजंटने लालबागला एकाच आवारातल्या दोन इमारती दाखवल्या. पुढे विक्रीचा टॉवर, मागे जुन्या भाडेकरूंची इमारत. मध्ये उंच भिंत, फाटकं वेगळी, पाण्याच्या टाक्याही वेगळ्या. मागचं वन आरके ३८ हजारांत बसतंय. सासूबाई म्हणतात, अशा ठिकाणी रोज राडे होत असणार. कुणाला अनुभव?

घोडबंदरकर: ठाण्याला या. आम्ही २०१४ ला टू बीएचके घेतला, आज किंमत विचारू नका.

भायखळा_फास्ट: घोडबंदरहून लोअर परळ? नवरा रविवारीच दिसेल. टॉवर घ्या, ६५ ला मिळून जाईल. थोडं ताणायचं.

सांजपाखरू: ४० लिहिलंय हो वर.

साचेखाता: ती भिंत आज नाही उभी राहिली. आमचे आजोबा इथल्याच कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. रीतसर मागे कुणी घेतलाच नाही. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा, मालक. २००१ ला नियम फिरवला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची. बांधकामाखालची जमीन मालकाच्या पदरात. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. कामगाराला २२५ चौरस फूट, तेही सोडतीत नंबर लागला तर. आता म्हणतात मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा. म्हणून तर जुलै २०२५ ला आझाद मैदान भरलं होतं.

रोखठोक_काका: संपानेच गिरण्या बुडवल्या. पोरं गँगमध्ये गेली ती त्यामुळेच.

साचेखाता: गँगा संपाआधीही होत्या, काका. घरात पगार थांबल्यावर भरती वाढली. आणि १८ ऑगस्ट १९८२ ला तर पोलिसांनीच बंड केलं, गिरणी कामगार त्यांच्यासोबत रस्त्यावर, लष्कर बोलवावं लागलं. ते पोलिसही कुणाच्या गँगमध्ये होते का?

रोखठोक_काका: विषय भरकटवू नका.

भायखळा_फास्ट: भरकटवलं कुणी! ताई, टॉवरला पार्किंग दोन मिळतात. माझ्याकडे तीन आहेत.

कुकरची_शिट्टी: मी राहिलेय अशा मागच्या इमारतीत, म्हणून सांगते, घेऊ नका. लिफ्ट दोन, त्यातली एक कायम बंद. राडे म्हणाल तर घराघरांत नाहीत, फाटकावर असतात. टॉवरमध्ये धुणी-भांडी करणाऱ्या निम्म्या बायका आमच्याच मजल्यांवरच्या. भिंतीपलीकडे जायला पूर्ण वळसा, मग पिशवी उघडून दाखवायची, मग सामानाची लिफ्ट. एकदा वॉचमनने एकीचा डबासुद्धा उघडायला लावला. दुसऱ्या दिवशी एकही बाई कामाला गेली नाही. संध्याकाळपर्यंत कमिटीचे दोघे खाली येऊन हात जोडत होते! पिशव्या बघणं थांबलं, लिफ्ट मात्र सामानाचीच राहिली.

घोडबंदरकर: आमच्याकडे असलं काही नाही. बायकांना कार्ड दिलंय.

साचेखाता: आणि लिफ्ट?

घोडबंदरकर: ती वेगळी आहे, पण स्वच्छ आहे.

कागदपत्र_बघा: कुणीच मुद्द्याचं विचारत नाहीये. इमारत एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली आहे, की उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीच्या पुनर्विकासातली? एसआरएचं घर ठराविक वर्षं भाड्याने देता येत नाही, उद्या तुम्हालाच बाहेर काढतील. मालकाचं ताबापत्र बघा, करार नोंदणीकृतच करा. ‘अकरा महिने, नोटरी चालते’ म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजून परत पाठवा.

भायखळा_फास्ट: मीही हेच सांगणार होतो.

सांजपाखरू: सगळ्यांचे आभार. मागचंच घेतलं. इमारत उपकरप्राप्त चाळीच्या पुनर्विकासातली आहे, कागद बघितले. लिफ्ट बंद होती, चौदा मजले चढून बघून आले. सासूबाईंना दाराशीच मासळीवाली भेटली, कुडाळची निघाली. त्यांनी राड्यांचं नावच काढलेलं नाही. आता कोल्हापूरहून सामान आणायला भरवशाचा टेम्पोवाला सुचवा. बजेट १५ हजार, ताणायचं नाही.